बोल्ट जुळले म्हणजे पत्रिका जुळली का?

मंडळी, या वीकांताला जरा भांडायचा मूड आहे. भांडण माणसाशी नाही, एका वाक्याशी आहे. गाड्यांच्या नादी लागलेल्या कुठल्याही टोळक्यात पाच मिनिटं उभे राहा, ते वाक्य कानावर पडणारच: "वर्ष वेगळं असलं म्हणून काय झालं? डायरेक्ट बसतं!"

विषय असतो हेडरचा. गाडी २००३ ची, हेडर १९९७ च्या मॉडेलसाठी बनवलेला. किंवा गाडी २०१३ ची, हेडर २००८ चा. स्वस्तात मिळतोय, इंजिनाचं नाव तेच आहे, मग अडतंय कुठे? माझं म्हणणं असं की हे वाक्य धर्मराजाच्या अश्वत्थाम्यासारखं आहे. अर्धं खरं. आणि मोटारीच्या बाबतीत अर्धं खरं हे पूर्ण खोट्यापेक्षा महाग पडतं, कारण पूर्ण खोटं निदान लगेच पकडलं जातं.

ज्यांना गाडी म्हणजे चार चाकं आणि ईएमआय एवढंच ठाऊक आहे त्यांच्यासाठी थोडी उजळणी. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून जळालेला वायू बाहेर पडतो. हे सगळे वायू एका नळीत आणणारा जो भाग, तो एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. कंपनीकडून येणारा मॅनिफोल्ड पूर्वी बहुधा बिडाचा, जाडजूड, आखूड आणि स्वस्त असे. हेडर म्हणजे त्याचाच सडपातळ भाऊ. प्रत्येक सिलिंडरला वेगळी, शक्यतो सारख्या लांबीची स्टीलची नळी आणि मग सगळ्या नळ्यांचा संगम. वायू सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. धक्का संगमापर्यंत पोचला की कमी दाबाची एक लाट उलटी फिरते. ती नेमक्या वेळी व्हॉल्व्हपाशी पोचली तर उरलासुरला धूर ओढून काढते. नळीची लांबी आणि व्यास याच हिशोबाने ठरतात. म्हणजे हेडर हा मुळात वेळेचा खेळ आहे. नुसती मोठी नळी लावली की इंजिन मोकळा श्वास घेतं, ही समजूत पहिल्यांदा कचऱ्यात टाका.

असो. आता मुद्द्यावर येतो. "बसतं" या शब्दाचे किमान तीन अर्थ आहेत आणि विकणारा माणूस तिन्ही एकाच भावात विकतो.

पहिला प्रकार: बसतच नाही. होंडा सिविक एसआयचं उदाहरण घ्या. अमेरिकेत २००६ ते २०११ या वर्षांत तिच्यात दोन लिटरचं के२० घराण्यातलं इंजिन होतं, मॅनिफोल्ड वेगळा, बोल्टने लावलेला. २०१२ ते २०१५ च्या एसआयमध्ये २.४ लिटरचं के२४ आलं. नाव तेच, घराणं तेच, पण या के२४ मध्ये एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडच्या ओतकामातच सामावलेला आहे. चारही वाटा हेडच्या आतच एक होतात आणि बाहेर एकच तोंड येतं. आता २००८ चा चार नळ्यांचा हेडर तुम्ही लावणार कुठे? भिंतीवर? भारतात २००६ साली आलेल्या १.८ लिटरच्या सिविकचीही हीच तऱ्हा होती. तिच्याही हेडमध्येच मॅनिफोल्ड होता. या प्रकाराला मी प्रामाणिक अपयश म्हणतो. आमच्या धंद्यात याला कंपाइल एरर म्हणतात. चिडचिड होते, पण नुकसान तिथल्या तिथे कळतं.

दुसरा प्रकार: बसवलं तर बसतं. म्हणजे एखादं भोक रुंद करा, फ्लँजला थोडं घासा, एखादा ब्रॅकेट कापा. इथे मेकॅनिकचं कौशल्य दिसतं आणि आपल्याला त्याचं फार कौतुक. पण आडव्या इंजिनाची गाडी ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनासकट डुलते. म्हणून एक्झॉस्टमध्ये एक लवचीक जोड असतो आणि तो कुठे असावा हे त्या वर्षाच्या इंजिन माउंटवर अवलंबून असतं. जोड चुकीच्या जागी आला की सगळा ताण वेल्डवर आणि स्टडवर जातो. शिवाय पातळ नळीतून उष्णता बाहेर फेकली जाते. जुन्या वर्षी जिथे मोकळी जागा होती तिथे नव्या वर्षी वायरिंगचा जुडगा असू शकतो, एसीचा पाइप असू शकतो, स्टिअरिंगच्या रॅकचा रबरी बूट असू शकतो. पहिल्या दिवशी काहीच होत नाही. सहा महिन्यांनी वायरचं आवरण ठिसूळ होऊन गळून पडतं, आणि तोवर हेडर कुणाच्या लक्षातही नसतो.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट: अगदी सुरेख बसतं. आणि माझं खरं भांडण याच्याशी आहे.

जीपचं चार लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन घ्या. १९८७ ते २००६ असं जवळजवळ वीस वर्षं हे इंजिन बनत होतं. चेरोकीत, रँग्लरमध्ये, सगळीकडे तेच. १९९० च्या दशकातला त्याचा मूळ मॅनिफोल्ड तडकण्याबद्दल बदनाम, म्हणून बाजारात त्याच्यासाठी भरपूर हेडर. २००० सालच्या आसपास कंपनीने सिलिंडर हेड बदललं आणि एका मॅनिफोल्डच्या जागी दोन तुकडे केले, पुढच्या तीन सिलिंडरांचा एक, मागच्या तिघांचा दुसरा. कितीतरी रँग्लरमध्ये या दोन तुकड्यांच्या खाली लगेच दोन छोटे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले आणि ऑक्सिजन सेन्सर दोनाचे चार झाले. बोल्टांची मांडणी मात्र तशीच राहिली. त्यामुळे नव्वदीतला हेडर थोड्या खटपटीने २००३ च्या इंजिनावर लागतो. लागतो! आणि लावताना ते दोन छोटे कॅट आणि सेन्सरच्या जागा शांतपणे गायब होतात.

कंपनीने हा उपद्व्याप का केला असेल? "सुटे भाग महाग विकायला" हे उत्तर आपल्या तोंडात तयार असतं. पण खरं कारण दर सकाळी तुमच्या पार्किंगमध्ये घडतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थंड असताना जवळपास निरुपयोगी असतो. साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअस तापल्यावरच तो नीट कामाला लागतो. आधुनिक गाडी एका फेरीत जी घाण ओकते तिचा मोठा हिस्सा या पहिल्या एक-दोन मिनिटांत बाहेर पडतो. नियम कडक होत गेले तसा इंजिनिअरांनी सोपा मार्ग काढला: कॅटला इंजिनाच्या जितकं जवळ नेता येईल तितकं न्या, म्हणजे तो लवकर तापेल. होंडाने मॅनिफोल्ड हेडमध्ये घातला त्यालाही हा फायदा चिकटलेला आहेच. म्हणजे मॉडेलचं वर्ष बदललं तेव्हा नुसता आकार बदलला नाही, तर त्या भागाचं काम बदललं. जुना हेडर नव्या इंजिनावर लावणं म्हणजे आदल्या आवृत्तीची लायब्ररी नव्या प्रोग्रॅमला जोडणं. फंक्शनचं नाव तेच, आर्ग्युमेंट तेच, लिंकही होतं. आत काय व्हायला हवं होतं ते मात्र कुणी विचारत नाही.

आता सेन्सर. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एक भाग इंधनाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. कॅटला हे प्रमाण फार काटेकोर लागतं. म्हणून पुढचा सेन्सर धुरातला ऑक्सिजन चाखतो आणि ईसीयू त्यावरून इंधन कमीजास्त करतो. हा सेन्सर कुठल्या जागी आहे हे गृहीत धरून ईसीयूचं सॉफ्टवेअर लिहिलेलं असतं. तुमच्या हेडरमध्ये त्याची जागा हातभर खाली असेल तर खबर उशिरा येते आणि धूरही थंड झालेला असतो. एकाच नळीत असेल तर तो एकाच सिलिंडरची बातमी सगळ्यांच्या नावावर खपवतो. आणि फ्लँज नीट न बसल्यामुळे बारीकशी गळती असेल तर आणखी गंमत. दोन धक्क्यांच्या मधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर म्हणतो "ऑक्सिजन जास्त आहे", ईसीयू बिचारा इंधन वाढवतो. इंजिन ठीक होतं, ते आता जादा पेट्रोल पितंय. तो जादा माल पुढे जाऊन कॅटमध्ये जळतो आणि कॅटला भाजून काढतो.

कॅटच्या मागचा सेन्सर हा तर शुद्ध टेस्ट केस आहे. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२ सक्तीचं झालं, आणि कॅट काम करतोय की नाही हे गाडीने स्वतःच तपासायचं ठरलं. काम करत नसेल तर चेक इंजिनचा दिवा लागतो आणि पी०४२० हा कोड येतो. यावर आपल्या वीरांचा उपाय काय? सेन्सरच्या खाली एक पोकळ स्पेसर लावायचा, म्हणजे त्याला धुराचा पुरेसा वास लागत नाही. किंवा सॉफ्टवेअरमधून तो कोडच बंद करायचा. वा! वाचकांपैकी निम्मे तरी माझ्याच धंद्यातले असाल. रिलीजच्या आदल्या रात्री टेस्ट फेल होते म्हणून कुणी टेस्टच कॉमेंट करून टाकली, तर सोमवारी त्याचं काय होतं सांगा बरं? मग जो माणूस ऑफिसात या गोष्टीवरून ज्युनिअरला झापतो, तोच शनिवारी गॅरेजमध्ये हेच करून आल्यावर "मॉड केलं" म्हणून फोटो का दाखवतो?

याची किंमत कोण भरतं ते सांगतो. माझ्या एका सहकाऱ्याने लग्नानंतर दुसऱ्या राज्यात एक वापरलेली २००३ ची रँग्लर घेतली. त्या गावात धूर तपासणी नव्हतीच. गाडी छान चालत होती, दिवा लागत नव्हता. वर्षभराने नोकरी बदलून तो कॅलिफोर्नियात आला आणि इथल्या नोंदणीसाठी स्मॉग चेकला गेला. २००० आणि त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांच्या नळीत इथे प्रोब घालत नाहीत. गाडीचा संगणक वाचतात आणि बॉनेट उघडून डोळ्यांनी बघतात. बघणाऱ्याने बॅटरी घेऊन वाकून पाहिलं आणि म्हणाला, "तुझे दोन कॅट कुठे आहेत?" या बापड्याला आपल्या गाडीत ते असायला हवे होते हेच ठाऊक नव्हतं! मूळ मॅनिफोल्ड आधीच्या मालकाने केव्हाच भंगारात दिलेले. नवे मॅनिफोल्ड, नवे कॅट, नवे सेन्सर आणि मजुरी असं सगळं मिळून जो आकडा झाला तो ऐकून त्याच्या बायकोने "गाडी विकून टाक" म्हटलं. पण अशी गाडी इथे रीतसर विकताही येत नाही, कारण विकणाऱ्यानेच स्मॉगचा दाखला द्यायचा असतो. हेडरचा आनंद एकाने घेतला, बिल दुसऱ्याने भरलं. "माझी गाडी, माझे पैसे" म्हणणाऱ्यांनी हा हिशोब जरा मांडून दाखवावा.

आणि गाडी तुमची असली तरी हवा तुमची नाही. लॉस एंजेलिसच्या धुरक्याने लोकांचे डोळे चुरचुरत होते तेव्हा कॅलटेकमधल्या आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की मोटारींचा धूर आणि ऊन मिळून ओझोनचं हे धुरकं तयार होतं. १९६७ मध्ये राज्याने हवेसाठी स्वतंत्र मंडळ नेमलं, त्याचे पहिले अध्यक्ष हेच. १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकन गाड्यांत सर्रास कॅट आले. आज या खाडीच्या काठावरून डोंगर स्वच्छ दिसतात ते आपोआप नाही. आणि देशाच्या क्लीन एअर ॲक्टने उत्सर्जनाची यंत्रणा काढणं किंवा निकामी करणं बेकायदा ठरवलं आहे ते काही गंमत म्हणून नाही.

आता समोरच्या पक्षाचं म्हणणं. ते अगदीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही.

एक, "वर्ष वेगळं असलं तरी कितीतरी भाग चालतात." खरंय. १९९१ ते १९९९ च्या त्या जीप इंजिनांत आपापसात हेडर बदलले तर आकाश कोसळत नाही. मी वर्षाचा सोवळेपणा सांगत नाही. फक्त त्या वर्षांमध्ये नेमकं काय बदललं हे आधी विचारा एवढंच म्हणतोय.

दोन, "पॉवर वाढते." स्टॉक इंजिन, स्टॉक ट्यून आणि वर नुसता हेडर, यातून मिळणारी वाढ बहुतेक वेळा जेमतेम असते. आवाज मात्र हमखास वाढतो आणि कान त्यालाच वेग समजतात. दिवाळीत लवंगी फोडून रॉकेट सोडल्याचं समाधान मिळतं, त्यातलाच प्रकार.

तीन, "रेस ट्रॅकवर सगळे हेच करतात." करू देत. गाडी ट्रेलरवर घालून न्या, ट्रॅकवर हवा तो हेडर लावा, परत ट्रेलरवर घालून आणा. मला कौतुकच आहे. पण 'फक्त ऑफ-रोड वापरासाठी' असं स्टिकर असलेला भाग लावून ऑफिसला जायचं आणि वर कायदा कसा मूर्ख आहे हे सांगायचं, हे चालणार नाही.

चार, आणि हा सगळ्यात दमदार: "कंपन्या आणि सरकार मिळून सामान्य माणसाला स्वतःच्या गाडीला हात लावू देत नाहीत." या तक्रारीत तथ्य आहे. दुरुस्तीचा हक्क हा खरा प्रश्न आहे आणि त्यासाठी मी कुठेही भांडेन. पण म्हणूनच सांगतो, प्रत्येक बनावट स्पेसर आणि प्रत्येक गायब झालेला कॅट हा त्या हक्काच्या विरोधातला पुरावा बनतो. "बघा, यांच्या हातात पाना दिला की हे काय करतात!" हे म्हणायची संधी आपणच देतो. वास्तविक कॅलिफोर्नियात रीतसर वाट आहे. हेडर बनवणारा आपला भाग मंडळाकडून तपासून घेतो, त्याला ईओ नंबर मिळतो आणि त्या आदेशात कुठली गाडी, कुठलं इंजिन, कुठलं वर्ष हे स्पष्ट लिहिलेलं असतं. तुमचं वर्ष त्यात नसेल तर तो नंबर तुमच्यासाठी नाही. इतकं साधं आहे.

पुण्यातले मित्र म्हणतील, हे अमेरिकेचं पुराण आम्हाला कशाला? कारण तुमचं तर ताजं आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. गाडीचं नाव तेच, इंजिनाचं नावही पुष्कळदा तेच, म्हणून बीएस-४ चा हेडर बीएस-६ वर "डायरेक्ट बसतो" असं सांगणारे गॅरेजवाले मला फोनवर ऐकवले जातात. तिथला कायदाही गुळमुळीत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं. पीयूसी मिळालं म्हणजे पाप धुतलं असं समजू नका. तिथे तापलेल्या इंजिनाचा उभ्या उभ्या धूर मोजतात. सकाळच्या गार इंजिनाची पहिली दोन मिनिटं त्या यंत्राला दिसतच नाहीत. ती दिसतात तुमच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूलबसची वाट बघत उभ्या असलेल्या पोरांना.

मग करायचं काय? नुसतं झोडपून पळून जाणं बरं नव्हे, म्हणून एक साधी रीत सांगतो. तुमचं वर्ष आणि हेडरचं वर्ष, दोन्हींसाठी कंपनीच्या कॅटलॉगमधून तीन पार्ट नंबर काढा. एक, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटचा. दोन, पुढच्या आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा. तीन, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा. पहिला जुळला तर बोल्ट जुळतात, बस. विकणारा यालाच "फिट" म्हणतो. दुसरा जुळला नाही तर ईसीयूशी गाठ आहे. तिसरा जुळला नाही तर कॅटची जागा किंवा जातच बदललेली असणार, मग तो नाद सोडा. नंबर बदलला तरी भाग तोच असू शकतो, कंपन्या जुना नंबर रद्द करून नवा देतात, तेव्हा तेवढी खात्री करून घ्या. आणि गाडीचं वर्ष आरशासमोर उभं राहून आठवू नका. अमेरिकेतल्या गाडीच्या सतरा अक्षरी व्हिनमधलं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं. डिसेंबरात विकत घेतलेली गाडी पुढच्या वर्षाचं मॉडेल असू शकते, हे लक्षात असू द्या.

सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम आहे. नवा फोन घेताना आपण याच्या दसपट वेळ घालवतो.

बाकी "अरे, बसतंय की" म्हणणाऱ्यांना माझं खुलं आमंत्रण आहे. चहा माझ्याकडून. जरूर भांडायला या, फक्त येताना तीन पार्ट नंबर घेऊन या :-)